कडक पाणी

उजवा डोळा पट्टीखाली, उजवा हात कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत गुंडाळलेला, आणि तरी येणारा जाणारा प्रत्येक जण थोरलीला सांगत होता, "शांत पडून राहा." शांत कसली पडते! तिच्या अंगाची लाही लाही होत होती आणि त्यातली अर्धी आग औषधाने विझण्यासारखी होती. उरलेली अर्धी धाकटीच्या नावाची होती. धाकटी म्हणजे तिची जाऊ. एकाच घरात भिंतीपलीकडे राहणारी, बाटल्या धुण्याच्या एकाच कारखान्यात शेजारच्या टाकीवर काम करणारी. थोरलीच्या भाजलेल्या हातावर जिने आणखी एक डबा भरून ओतला, ती हीच.

"मुद्दाम केलंय तिनं," सासूबाई स्टुलावर बसल्या बसल्या म्हणाल्या. "दोरीचा राग काढला."

"आई, हळू बोल," थोरलीचा नवरा म्हणाला.

"हळू कशाला? सगळ्या गल्लीला ठाऊक आहे."

गल्लीला ठाऊक होतंच. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून दोघी जावांमध्ये जुंपली होती, आणि जुंपली ती अशी की घरात तेव्हापासून कडकडीत अबोला होता. एकीने दार लावलं की दुसरीने ते उघडायचं, एकीने दिवा घालवला की दुसरीने लावायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. नवऱ्यांनी मध्ये पडून पाहिलं आणि दोघींचीही बोलणी खाऊन कानाला खडा लावला. कामावर मात्र अबोला चालत नाही. टाकी माणसांचे रुसवे-फुगवे पाहत नाही. म्हणून कारखान्यात त्या एकमेकींशी बोलायच्या, पण फक्त कामाचं. "क्रेट दे." "झाकण धर." "पाणी आण." एवढंच. त्यापलीकडे एक अक्षर नाही.

आणि इथेच सगळा घोळ होता, कारण त्या कारखान्यात पाणी म्हणजे पाणी नव्हतं.

बाटल्यांवरचे कागद आणि आतली घाण सुटावी म्हणून टाकीत कॉस्टिक घालतात. ते निळ्या पिंपांतून येतं. दिसायला पाण्यासारखंच, जरा दाट. बोटाला लागलं तर आधी काही वाटत नाही. साबण लागल्यासारखं बुळबुळीत वाटतं, आणि माणूस फसतो तो तिथेच. ती बुळबुळ साबणाची नसते, आपल्याच विरघळणाऱ्या कातडीची असते. थोड्या वेळाने चुरचुरायला लागतं आणि मग ओरडायची पाळी येते. कधी काळी दोन बायका 'कॉस्टिक' हा शब्द ऐकूनच काम सोडून गेल्या होत्या. तेव्हा मुकादमाने उरलेल्यांना गोळा केलं आणि आपल्या गोडगोड आवाजात सांगितलं, "अहो, पाणीच आहे ते. जरा कडक पाणी. भलती नावं घेऊन एकमेकींना घाबरवू नका." त्या दिवसापासून ते कडक पाणी झालं. पुढे कडकही गळलं आणि नुसतं पाणी उरलं. मग खऱ्या पाण्याचं काय करायचं? त्याला सगळ्या 'नळाचं' म्हणू लागल्या. हात धुवायचे तर नळाचं, प्यायचं तर नळाचं. टाकी कमी झाली की पाणी. हातमोजे होते, नाही असं नाही. ते कपाटात कुलपात होते आणि कुणी पाहुणे यायचे असले की बाहेर निघायचे.

धाकटी कामाला लागली ती थोरलीच्याच ओळखीने. पहिल्या आठवड्यात थोरलीने "पाणी आण" म्हटलं की ही बया नळाचं घेऊन यायची. एकदा तर तिने टाकीत बादलीभर साधं पाणी ओतलं, टाकीचा जोर गेला, बाटल्यांवरचे कागद तसेच चिकटून राहिले आणि सगळा माल परत धुवावा लागला. थोरलीने तिला सगळ्यांदेखत झाडली होती. कामावर तिला 'तोफ' म्हणत ते उगाच नव्हे. "किती वेळा सांगू तुला? इथं पाणी म्हणजे पाणी नाही! डोकं घरी ठेवून येतेस का?" बायका हसल्या होत्या. धाकटी लाल झाली होती. त्यानंतर तिची चूक कधी झाली नाही.

ज्या दिवशी हे झालं त्या दिवशी क्रेट थोरलीच्या हातून निसटून टाकीत पडला. उसळी आली ती मनगटापासून कोपरापर्यंत. फार नव्हती. पण टाकी गरम होती, आणि या वेळी बुळबुळ वगैरे काही नाही, थेट आग. थोरली किंचाळली, "पाणी! पाणी ओत गं!"

धाकटी धावली आणि डबा भरून घेऊन आली. थोरलीने हात चेहऱ्याजवळ वर धरला होता, त्यावर तिने तो सगळाच्या सगळा ओतला. तो पिंपातला होता.

दवाखान्यात डॉक्टरीण बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "लगेच धुतलं होतं का? भरपूर पाण्याने? नळाखाली धरून?" थोरलीचा नवरा म्हणाला, "ओतलं होतं हो, पण..." आणि मग काय ओतलं ते त्याने सांगितलं. डॉक्टरीण बाई संतापल्या होत्या, पण कुणावर संतापायचं ते त्यांनाही कळत नव्हतं. "पहिलं उडालं त्यानं फार झालं नसतं," त्या म्हणाल्या. "वरून जे ओतलं त्यानं केलंय हे. डोळ्याचं मी आत्ताच सांगू शकत नाही."

डोळ्याचं आत्ताच सांगता येत नाही. हे वाक्य थोरलीच्या डोक्यात घण घातल्यासारखं वाजत होतं. आणि प्रत्येक घावासरशी तिला धाकटीचा तो डबा धरलेला हात दिसत होता.

मुकादम आला तो दुपारी, भेटायची वेळ संपत आली असताना. येताना फळांची पिशवी आणली होती. ती त्याने सासूबाईंच्या हातात दिली, स्टूल ओढलं आणि चेहरा असा केला की बघणाऱ्याला वाटावं याच्याच घरचं कुणी भाजलं आहे.

"काय हो हे ताई," तो म्हणाला. "सख्ख्या जावेनं असं करावं?"

थोरलीने एका डोळ्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. ती अशी पाहू लागली की माणसं सावध होतात, पण मुकादम बोलायच्या भरात होता.

"मालकांना मी सांगितलं, कारखान्याचा यात काही दोष नाही. घरातली भांडणं कामावर आली. आता तपासनीस येणार आहे, पोलीसही विचारतील. तुम्ही जे खरं तेच सांगा. ती तुमच्यावर चिडलेली होती, तिनं समजून-उमजून केलं. एवढं सांगितलंत की विषय संपला."

"आणि नाही सांगितलं तर?"

"का नाही सांगणार? भाजलंय तुम्हाला." तो जरा पुढे झुकला. "तुमचे हे आमच्याच गाडीवर आहेत. चांगला माणूस. त्यांचं भलं व्हावं असं मालकांनाही वाटतं. तुम्हालाही बरं झाल्यावर बसून करायचं काम देऊ. पिंपाजवळ नको, टाकीजवळ नको. मोजायचं काम."

थोरलीच्या नवऱ्याने खाली पाहिलं. तो साधा माणूस होता, गाडी चालवायची आणि घरी यायचं. गाडी गेली तर घर कसं चालेल हा प्रश्न त्याच्या कपाळावर आठ्यांनी लिहिला होता.

"सांगेन," थोरली म्हणाली. तिला खरोखरच सांगायचं होतं. मुकादमासाठी नव्हे. तिला त्या डब्याची किंमत वसूल करायची होती, आणि त्यासाठी कुणाचाही खांदा चालणार होता.

मुकादम गेल्यावर सासूबाईंनी पिशवी उघडून फळं दाबून पाहिली. "पिकलेली आहेत," त्या म्हणाल्या, जणू तेवढ्याने काहीतरी सिद्ध झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आणि सासूबाई चहा प्यायला खाली गेले असताना धाकटी आली. दारातच उभी राहिली. घरी तिला कुणी खायला-प्यायला विचारत नव्हतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. नेहमी नीट विंचरलेले केस कसेतरी बांधलेले होते. थोरलीने एका डोळ्याने तिला पाहिलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

"ये," ती म्हणाली. "बघायला आलीस ना? बघ. नीट बघ. समाधान झालं?"

"जाऊबाई..."

"जाऊबाई म्हणू नकोस मला! एका दोरीपायी गं? एका दोरीपायी माझा डोळा घेतलास?"

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीने कूस बदलली. धाकटी जवळ आली, पण स्टुलावर बसली नाही. थोरलीला वाटलं ही आता रडणार आणि पाया पडणार, आणि तिने मनात ठरवलं की पडू दे, आपण पाय ओढून घ्यायचे. पण धाकटी रडली नाही. तीही चिडली होती.

"मी नळापुढून पळत गेले," ती म्हणाली.

"काय?"

"नळ जवळ होता. तुमच्या मागंच होता. मी नळापाशी आले होते, तोटीला हातही लावला होता. आणि मला वाटलं, नाही, ह्या पाणी म्हणाल्या, नळाचं नाही म्हणाल्या. नळाचं नेलं तर परत सगळ्यांसमोर बोलणी बसतील. म्हणून मी हात काढला. नळ सोडला आणि पिंपाकडे पळाले." तिचा आवाज चढला. "तुम्ही जळत होता आणि मी तुमच्या बोलण्याला भीत होते! माझे कान सांगत होते की बाई जळतेय, नळाचं ने. आणि डोकं सांगत होतं, इथं पाणी म्हणजे पाणी नाही. तुम्हीच घोकून घेतलंत ना माझ्याकडून? तुम्ही माझ्याशी दुसरं काही बोलतच नव्हता. कामाचे शब्द, बस. मग मी तुमचा कुठला शब्द कुठला समजू?"

थोरलीला उत्तर द्यायचं होतं. उत्तर देण्यात ती कधी मागे पडली नव्हती. तिने तोंड उघडलं आणि तिला आठवला तो क्रेट, ती उसळी, आणि स्वतःचा आवाज. तिला काय ओरडायला हवं होतं? 'नळाचं'? जळणारं माणूस 'नळाचं' म्हणून ओरडतं का? जळणाऱ्या माणसाच्या तोंडून जो शब्द येतो तो आईच्या मांडीवर शिकलेला असतो. तोच आला होता. आणि तो शब्द त्या कारखान्यात दुसऱ्याच कशाला तरी देऊन टाकलेला होता. थोरलीनेही तो मुकाट्याने दिला होता. वर धाकटीला शिकवला होता, आणि तो शिकली नाही म्हणून तिला झाडलं होतं.

पण दिला कुणी होता पहिल्यांदा?

"अहो, पाणीच आहे ते." तो गोडगोड आवाज थोरलीला इतका स्पष्ट ऐकू आला की तिने पलंगाची कड घट्ट धरली. काल तोच आवाज तिच्या उशाशी बसून 'खरं तेच सांगा' म्हणत होता. फळं घेऊन आला होता! मोजायचं काम देत होता! आणि आपण त्याला 'सांगेन' म्हणालो होतो. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली, पण धड हात एकच होता आणि तो पलंग धरण्यात गुंतला होता.

"बस," ती धाकटीला म्हणाली.

"नको."

"बस म्हटलं ना! मी तुला माफ केलं असं समजू नकोस. ते होईल तेव्हा होईल. कदाचित होणारही नाही. पण बस."

धाकटी बसली. सासूबाई परत आल्या आणि दारातच थबकल्या. थोरलीच्या एका डोळ्याकडे पाहून त्या आल्या पावली मागे वळल्या.

रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, की मुकादम म्हणतो ते आपण सांगणार नाही, 'पाणी' कुणी शिकवलं ते सांगणार. तो ऐकत राहिला. "गाडी जाईल," तो म्हणाला.

"जाईल."

"मग?"

"मग तू मला रोज बोल की तुझी गाडी माझ्यामुळं गेली, आणि मी तुला रोज बोलेन की माझा डोळा कुणामुळं गेला. जमेल का?"

त्याला हसू आलं, आणि हसताना त्याचे डोळे भरले. "तू तोफ आहेस खरी," तो म्हणाला.

दवाखान्यातून सुटल्यावर काही दिवसांनी कारखान्यात चौकशी होती. थोरली गेली ती धाकटीबरोबर चालत. पट्टी निघाली होती, पण उजव्या डोळ्याने धुक्यासारखं दिसत होतं, आणि धुकं जाणार नाही असं डॉक्टरीण बाईंनी आता सांगून टाकलं होतं. फाटकावरच्या रखवालदाराने दोघींना एकत्र येताना पाहिलं आणि सलाम ठोकायचाच विसरला.

आत गेल्यावर थोरलीला क्षणभर वाटलं आपण चुकून भलत्याच ठिकाणी आलो. फरशी धुतलेली. प्रत्येक पिंपावर नवी कोरी चिठ्ठी, त्यावर मोठ्या अक्षरांत नाव आणि कवटीचं चित्र. बायकांच्या हातांत कोपरापर्यंत येणारे मोजे, इतके नवे की त्यांची घडीसुद्धा मोडली नव्हती. मुकादम तपासनिसाला फिरवत होता. तपासनीस थकलेला, बऱ्यापैकी सभ्य माणूस होता, आणि जे दाखवलं जाईल ते बघत होता.

"ह्या म्हणतात तुम्ही याला पाणी म्हणता," तपासनीस आधी थोरलीकडे, मग पिंपाकडे बोट करत म्हणाला.

मुकादम हसला. "पाणी? अहो साहेब, कोण म्हणेल? चिठ्ठी आहे, चित्र आहे. सगळ्या कॉस्टिकच म्हणतात. विचारा ना."

तपासनिसाने विचारलं. ओळीत उभ्या बायकांनी मान खाली घातली. एक जण "कॉस्टिक" म्हणाली, तीही अशी अडखळत की शब्द पहिल्यांदाच तोंडात घेतला असावा. मग सगळ्याच तसं म्हणाल्या. त्यात ठसकीही होती. तिचं नाव ठसकी पडलं होतं कारण टाकीच्या वाफेने तिला कायम ठसका लागलेला असायचा. थोरलीची ती जुनी मैत्रीण. तिने थोरलीकडे पाहिलं नाही.

थोरली भडकली. ओरडून सगळ्यांची सालटी काढावी असं तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. पण त्या बायकांच्या घरी चुली होत्या, आणि ती स्वतःही परवापर्यंत 'सांगेन' म्हणणाऱ्यांतलीच होती. तिने राग गिळला. मग ती चालत गेली आणि निळ्या पिंपाच्या अगदी शेजारी जाऊन उभी राहिली, तोटीला हात पोचेल अशी. धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि तिला काहीतरी कळलं, कारण ती दोन पावलं पुढे आली.

"जरा टाक्या चालवून दाखवायला सांगा ना," थोरली तपासनिसाला म्हणाली. "काम कसं होतं ते बघा."

यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं. मुकादमाने हात हलवला. बायका जागेवर गेल्या, क्रेट उतरू लागले, बाटल्या खळखळू लागल्या, वाफ चढली. काम सुरू झालं की हात आपोआप चालतात आणि माणूस आवाजात बुडून जातो. थोरलीने तेवढं होऊ दिलं. तपासनीस घड्याळ बघायला लागला. आणि मग तिने आपला तो जुना आवाज लावला, सगळ्या शेडमध्ये घुमणारा, वर्षानुवर्षं सगळ्यांच्या कानांत बसलेला.

"अगं, टाकीला पाणी कमी पडतंय! पाणी आण!"

ठसकीने मान वर केली नाही. विचारही केला नाही. मोज्यात डब्याची मूठ सरकते म्हणून तिने दोन्ही मोजे झटकन काढून कमरेला खोचले, डबा उचलला, नळापुढून सरळ चालत आली आणि निळ्या पिंपाच्या तोटीखाली उघड्या हाताने डबा धरला. तिचा दुसरा हात तोटीवर जाणार, तोच थोरलीने तो अडवायला हात घातला. पण तिच्याही आधी शेडमध्ये दुसराच आवाज फुटला.

"हात लावू नकोस! मोजे घाल! भाजशील!"

मुकादम ओरडला होता. तपासनिसाच्या शेजारी उभा राहून, जीव तोडून. हे शब्द त्याला येतात हे त्या शेडमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

बाटल्यांची खळखळ थांबली. तपासनीस वळून मुकादमाकडे पाहू लागला. थोरलीच्या अंगातून राग असा उसळला की तिचं पाऊल मुकादमाकडे पडलं. धाकटीने तिला मागून धरलं. एवढंच म्हणायचं होतं. त्या पहिल्या दिवशी, गोड आवाजात नाही तर या आवाजात, एवढंच एक वाक्य म्हणायचं होतं त्याने.

ठसकीने हातातल्या रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग तोटीकडे, मग मुकादमाकडे. तिला ठसका लागला. तो ओसरल्यावर तिने अगदी सरळ विचारलं.

"का हो? पाणीच आहे ना हे?"

मुकादमाने तपासनिसाकडे चोरून पाहिलं.

"सांग ना रे तिला," थोरली म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला एकेरी बोलत होती. "साहेबही थांबलेत. सांग, काय आहे ते."

सगळ्या बायका हातातलं काम टाकून त्याच्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या.